डी-एक ते डी-अठ्ठावन्न

चंद्रपूरला मी राहायला गेले ते बाईच्या घरी. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. तिचं कमल हे नाव मी पहिल्यांदा तिच्या लग्नपत्रिकेवर वाचलं असावं. भाऊजी कोळशाच्या भूमिगत खाणीत कामाला होते आणि खाणीच्या कॉलनीत त्यांना क्वार्टर मिळालं होतं. दीड खोली, पुढे पत्रा टाकून वाढवलेली पडवी, मागे न्हाणी आणि एक सीताफळाचं झाड, ज्याची पानं मूळची कोणत्या रंगाची ते पाऊस पडून गेल्यावरच कळायचं. सगळ्यावर कोळशाची बारीक भुकटी बसलेली असायची. दोरीवरचा कपडा काढताना बाई तो आधी तीनदा झटकायची आणि मग म्हणायची, "पांढरं काई घेऊच नोको व तू." रोज दुपारी शेजारच्या उघड्या खाणीत सुरुंग उडायचा. आधी पायाखालची फरशी हलायची, मग मांडणीवरच्या पितळी पेल्यांना कंप सुटायचा आणि आवाज सगळ्यात शेवटी यायचा. पहिल्या आठवड्यात मी दरवेळी उठून उभी राहायची. नंतर नंतर त्या आवाजाने मला भूक लागायला लागली, कारण तीच आमची जेवायची वेळ होती.

आमचं गाव कुरखेड्याकडचं, तलावाच्या पाळीवरचं. बाबा तलावात जाळं टाकायचे, पावसाळ्यात धानाच्या बांधीत राबायचे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती कापडी पिशवी पाठवायचे. पिशवीत सुकवलेले झिंगे असायचे, कधी आंबाडीची वाळलेली भाजी, कधी मोहाची फुलं. बाई झिंगे कोरड्या तव्यावर भाजायची, लसूण आणि लाल मिरची घालून कुटायची, आणि भातावर तेलाची धार सोडून ते कालवायची. त्या वासाने शेजारच्या काकू वाटी घेऊन यायच्याच. बाईला तेव्हा दिवस गेले होते. तिला दुसरं काही चालत नव्हतं, झिंग्यांचा कूट आणि मोहाचे तीळ घातलेले लाडू एवढंच पोटात टिकायचं. मी सकाळी सायकल काढली की ती दारात येऊन एक लाडू माझ्या दप्तरात टाकायची. स्वतःच्या पोटातलं काढून द्यावं तसा. मला तो आवडत नव्हता, हे मी तिला कधी सांगितलं नाही. आज लिहून ठेवते.

कॉलेजात कॉम्प्युटरचा डिप्लोमा नवाच सुरू झाला होता. भाऊजींनी कुठेतरी ऐकलं, फॉर्म आणला, आणि बारावीला बरे मार्क होते म्हणून माझा नंबर लागला. कॉम्प्युटर म्हणजे एका काचेच्या खोलीत एकच मोठी मशीन आणि तिला जोडलेले बारा पडदे. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. आम्ही अठ्ठावन्न जण होतो, आळीपाळीने बसायचो. पहिल्याच दिवशी माझा पडदा उजळेना, तेव्हा मी उभी राहून म्हणाले, "सर, मले हे चालू करता येऊन नाई राह्यलं." मागच्या रांगेतून हसू फुटलं. हसणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज अभयचा होता. त्याचे वडील खाणीत मोठे अधिकारी, पुण्याकडून बदलून आलेले, आणि त्याचं मराठी आकाशवाणीवरच्यासारखं होतं. त्यानंतर तो मला दारात भेटला की हात कमरेवर ठेवून म्हणायचा, "काऊन व, येऊन राह्यली का?" वाईट होता अशातला भाग नाही. त्याला गंमत वाटायची. पण मी बोलणंच बंद केलं. घरी बाईशी भरभरून बोलायची, कॉलेजच्या फाटकात शिरले की तोंडाला कुलूप. चार महिने मी त्या खोलीत हजेरीला 'येस सर' याखेरीज शब्द काढला नाही.

ती खोली देवाळकर सरांच्या ताब्यात होती. सर मूल या गावचे, पन्नाशीचे, अर्ध्या बाह्यांचा सदरा, पायात चामडी चपला. मशीन गरम होते म्हणून खोलीत कूलर सारखा चालू असायचा आणि सरांना त्यावर आवाज चढवून बोलायची सवय लागली होती. बोलायचे मात्र आमच्यासारखंच, मले-तुले करून, आणि त्यांना हसायची कोणाची छाती नव्हती. एका शनिवारी त्यांनी मला थांबवून घेतलं. मला वाटलं, आता काढून टाकतात. सर म्हणाले, "तुले बोलाले येत नाई का तू बोलत नाई?" मी खाली पाहिलं. "बरं, नोको बोलू. टाईप कर." त्यांनी आपल्या टेबलावरचा पडदा माझ्याकडे फिरवला.

तिथे मी ती आज्ञा शिकले. आम्हाला मशीनवर नावं नव्हती, नंबर होते, डी-एक ते डी-अठ्ठावन्न. मी डी-सतरा. सरांनी मला 'फिंगर' असं टाईप करून पुढे नंबर घालायला लावला आणि एंटर मारायला सांगितलं. पडद्यावर पाचसहा ओळी उमटल्या. वर नंबर आणि त्या नंबराच्या माणसाचं पूर्ण नाव. त्याखाली त्याच्या फायली कुठे ठेवल्या आहेत ती जागा. मग 'ऑफिस' नावाचा रकाना, तो रिकामा, कारण विद्यार्थ्यांना कसलं आलंय ऑफिस. मग तो माणूस या घटकेला मशीनवर बसलेला आहे का, नसेल तर शेवटी केव्हा बसला होता आणि कोणत्या पडद्यावर. आणि सगळ्यात खाली 'प्लॅन'. प्लॅन म्हणजे ज्याने त्याने स्वतःबद्दल लिहून ठेवलेला मजकूर. काही लिहिलं नसेल तर मशीन सरळ सांगायची, नो प्लॅन.

"आकड्याच्या मांगं माणूस बसून राह्यते," सर म्हणाले. "फिंगर मार, माणूस दिसते. आता तुहं काम आयक. दर शनिवारी एकपासून अठ्ठावन्नपर्यंत जायचं. कोणाचा प्लॅन रिकामा हाय थे मले लिहून द्यायचं. बस."

आमच्या गावात माणसाकडे बोट दाखवलं तर आई हातावर चापट मारायची. इथे सरांनी मला बोट दाखवायचीच कामगिरी दिली होती. शनिवारी दुपारी सगळे निघून गेले की मी सरांच्या खुर्चीत बसायची आणि एकेकाला हाक मारल्यासारखी एकेक नंबर टाकायची. सरांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की प्लॅनमध्ये आपलं गाव लिहा, राहता कुठे ते लिहा. मशीनला देवनागरी येत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं असायचं. हळूहळू मला कळत गेलं की माझ्या वर्गात कोणी राजुऱ्याचा आहे, कोणी ब्रह्मपुरीची, कोणी गडचांदूरहून रोज एसटीने ये-जा करतो आणि शेवटची गाडी चुकली तर मित्राच्या खोलीवर झोपतो. डी-एक्केचाळीस ही पद्मा, पार सिरोंच्याची, घरी तेलुगू बोलणारी, मुलींच्या होस्टेलमध्ये राहणारी. तिने प्लॅनमध्ये लिहिलं होतं, 'इथे गोदावरी नाही.' पुढल्या सोमवारी मी तिच्या शेजारचा पडदा धरला. बोललो नाही फार. पण तिने डब्यातली चिंचेची चटणी माझ्याकडे सरकवली, आणि तिथून ती माझी मैत्रीण झाली.

पुढे वीसेक वर्षं मी गडचिरोलीत एका कार्यालयातल्या मशीन सांभाळल्या. तिथे ही आज्ञा पहिल्या दिवसापासून बंद होती आणि बंद ठेवणारी मीच होते. कोण कुठे राहतो, कोण आता मशीनवर आहे, हे कोणीही उठून पाहावं असं आता जग राहिलेलं नाही, आणि ते योग्यच आहे. नव्या पोरांना मी सांगते की एके काळी जो विचारेल त्याला मशीन माणसाचा पत्ता सांगायची, तर त्यांना धक्का बसतो. त्यांचं बरोबर आहे. तरी मी त्या आज्ञेचे आभार मानल्याशिवाय राहू शकत नाही. का, ते सांगते.

दिवाळीनंतर कॉलेजात डॉक्टरांची एक तुकडी आली. सगळ्यांच्या बोटाला सुई टोचून रक्तगट पाहिला आणि हातात एवढीशी चिठ्ठी दिली. सर म्हणाले, चिठ्ठ्या हरवतात, प्लॅनमध्ये लिहून ठेवा. मी 'बी पॉझिटिव्ह' लिहिलं. शनिवारी तपासलं तर अकरा जणांनी लिहिलेलं नव्हतं, आणि अभयने, म्हणजे डी-बावन्नने, लिहिलं होतं, 'रक्तगट: लाल.' मी बारा नंबरांची यादी सरांना दिली. त्यांनी चष्म्यातून पाहिली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "ठीक हाय." तो विषय तिथे संपला असं मला वाटलं.

परीक्षेआधीची सुट्टी लागली तेव्हा ऊन असं होतं की सायकलची सीट हाताने चाचपून मगच बसायचं. त्या दिवशी भाऊजी पहाटेच पहिल्या पाळीला गेले होते. दहाच्या सुमाराला बाईने मला न्हाणीतून हाक मारली. काकूंनी रिक्षा आणली आणि आम्ही दोघींनी बाईला मधे धरून मोठ्या दवाखान्यात नेलं. बाराच्या पुढे आतून लेकराचा आवाज आला. मुलगी झाली होती. काकूंनी मला पोटाशी धरलं, आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो तेवढ्यात सिस्टर बाहेर आल्या. वयस्क होत्या, घाईत होत्या, पण माझ्याशी बोलताना थांबल्या.

"लेकरू चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पन तुह्या बाईचं रक्त थांबून नाई राह्यलं. तिले रक्त द्या लागते. तिचा गट ए निगेटिव्ह हाय. नाई तं ओ निगेटिव्ह चालते. दोन्ही बाटल्या आज पेढीत नाईत. नागपूरले फोन केला, पन थे याले उद्या होईन. तुह्या ओळखीत कोणी हाय का?"

माझा गट चालत नव्हता, काकूंचाही नव्हता. भाऊजी जमिनीखाली होते. निरोप धाडला होता, पण ते वर येऊनही उपयोग नव्हता, त्यांचाही गट पॉझिटिव्ह. माझ्या ओळखीत कोण? चंद्रपूरमध्ये मी दहा महिने राहत होते आणि मोजून चार माणसांशी बोलत होते. मी भिंतीला टेकून उभी राहिले. आणि मग मला आठवलं की मी अठ्ठावन्न जणांना ओळखते.

"मी येतो," मी काकूंना म्हणाले, आणि फाटकावरच्या रखवालदाराची सायकल मागून घेतली.

कॉलेजपर्यंत पोचले तेव्हा ओढणी घामाने कपाळाला चिकटली होती. काचेच्या खोलीच्या दारात बंडूभाऊ, तिथले शिपाई, स्टुलावर बसले होते. "सर तं नाई व," ते म्हणाले. "पुतण्याच्या लग्नाले गेले."

"मले सर नाई, मशीन पाह्यजे," मी म्हणाले. इतक्या मोठ्याने की आत बसलेल्या दोघातिघांनी माना वळवल्या.

मी सरांच्या खुर्चीत बसले आणि डी-एकपासून सुरुवात केली. घाईत 'फिंगर'ची अक्षरं उलटसुलट पडायची आणि मशीन म्हणायची, अशी आज्ञा नाही. पुन्हा टाकायची. डी-दोन, बी पॉझिटिव्ह. डी-तीन, ओ पॉझिटिव्ह. डी-चार, नो प्लॅन. असं करत करत चाळीस झाले. डी-एक्केचाळीसला खाली लिहिलेलं होतं, ओ निगेटिव्ह. आणि वरच्या ओळीत मशीन सांगत होती, हा माणूस आता बसलेला आहे, पडदा पाच.

मी मान वळवली. पाचव्या पडद्यापुढे पद्मा बसली होती. दर शनिवारी मी तिचं पान वाचत होते, पण गट वाचायचा म्हणून कधी वाचलाच नव्हता, फक्त लिहिलाय की नाही एवढंच पाहायची. मी तिला सांगितलं. तिने प्रश्न विचारला नाही. वही मिटली, ओढणी कमरेला खोचली आणि म्हणाली, "चल."

डबलसीट जाताना चढावर ती उतरून माझ्यामागे धावायची, उतारावर पुन्हा बसायची. रक्तपेढीतल्या माणसाने तिला वजनकाट्यावर उभं केलं. काटा चाळीसवर थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं, पुन्हा काट्याकडे पाहिलं. "नाई चालत पोरी. पंचेचाळीस पाह्यजे. तुलेच काई झालं तं?"

"अर्धी बाटली घ्या," पद्मा म्हणाली.

"अर्धी नाई घेत आपुन."

ती काट्यावरून उतरेना. मी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं तर ती पायरीवर बसून रडायला लागली, जणू तिनेच काही चोरलं होतं. मला रडू येत नव्हतं. मला फक्त ऐकू येत होतं की काकू वॉर्डाच्या दारातून विचारत आहेत, भेटलं का, भेटलं का. अर्ध्या मिनिटात पद्माने डोळे पुसले आणि उठली. "एक्केचाळीसवर थांबली होती ना तू? अजून सतरा बाकी आहेत. मी वाचते, तू टाईप कर."

आम्ही परत गेलो. बंडूभाऊंनी न विचारता खुर्ची ओढून दिली. डी-बेचाळीसपासून अठ्ठावन्नपर्यंत. काही नाही. एकही निगेटिव्ह नाही. शेवटचं पान पडद्यावर तसंच उभं होतं. त्याच क्षणी लाईट गेली. ज्या गावातून अर्ध्या राज्याला वीज जाते त्या गावात ती दुपारची कायम जायची. कूलर थांबला, बारा पडदे विझले, फक्त मशीन आणि सरांच्या टेबलावरचा पडदा बॅटरीवर तग धरून राहिले आणि टेबलाखालचा बॅटरीचा डबा टीं-टीं करायला लागला.

"पंधरा मिन्टं हायेत," बंडूभाऊ म्हणाले. "मंग मशीन बंद करा लागते."

पद्मा पडद्याकडे पाहत होती. "इदी एंटी?" ती म्हणाली. घाबरली की तिच्या तोंडून तेलुगूच निघायचं. तिने पडद्याच्या वरच्या भागावर बोट ठेवलं. "हे काय? ऑफिस. इथे काय लिहिलंय?"

डी-अठ्ठावन्नचा प्लॅन रिकामा होता, पण वर, ऑफिसच्या रकान्यात, 'बी प्लस' असं लिहिलेलं होतं.

मी त्या रकान्याकडे कधी पाहतच नव्हते. माझी नजर सरळ खाली, प्लॅनवर जायची, कारण मला तेवढंच काम दिलं होतं. सरांनी माझी बारा नंबरांची यादी खिशात घातली होती, डॉक्टरांकडच्या यादीशी ती ताडून पाहिली होती, आणि ज्यांनी ज्यांनी लिहिलं नव्हतं त्यांचा गट स्वतः, एकेकाच्या पानावर, त्या रिकाम्या रकान्यात भरून ठेवला होता. कोणाला बोलले नव्हते. मलाही नाही.

"पहिल्यापासून," मी म्हणाले. पण पहिल्यापासून जायची गरज नव्हती, कारण ते बारा नंबर मला पाठ होते. डी-चार, ओ प्लस. डी-नऊ, बी प्लस. डी-वीस. डी-सव्वीस. डबा टीं-टीं करत होता आणि पद्मा मोठ्याने वाचत होती. डी-बावन्न. तिने वाचलं आणि माझ्या खांद्यावर हात दाबला. ऑफिस: ए निगेटिव्ह. प्लॅन: रक्तगट लाल. शेवटी बसला होता आज, तीन वाजून पाच मिनिटांनी, पडदा दोन. घड्याळात तीन पंचवीस झाले होते.

"तो आत्ताच तं गेला," बंडूभाऊ म्हणाले. "तुमी दवाखान्यात होता तवा आला होता. रसवंतीवर असन पाहा."

फाटकाबाहेरच्या रसवंतीवर अभय होता, पाचसहा पोरांच्या घोळक्यात, हातात उसाच्या रसाचा अर्धा ग्लास. मला धावत येताना पाहून त्याने सवयीने हात कमरेवर नेला. पण तो काही बोलायच्या आत मीच बोलले. सगळ्यांसमोर, रसाच्या चरकाला बांधलेल्या घुंगरांपेक्षा मोठ्याने.

"अभय, माही बाई दवाखान्यात मरून राह्यली. तिले तुहं रक्त पाह्यजे. आत्ताच पाह्यजे."

कोणी हसलं नाही. अभयचा चेहरा उतरला. "माझं? पण मला माझा गट माहीत नाही. चिठ्ठी तेव्हाच हरवली."

"मले माहीत हाय," मी म्हणाले. "ए निगेटिव्ह."

त्याने ग्लास खाली ठेवला, पोरांमधून वाट काढली आणि लुनाला पॅडल मारायला लागला. "बस मागे," म्हणाला. पद्मा सायकलवर आमच्यामागून त्या उन्हात पूर्ण रस्ता आली.

पेढीतल्या माणसाने त्याचा गट पुन्हा तपासला. ती दहा मिनिटं मला आजही आठवतात, कारण त्या वेळी मला पहिल्यांदा सुचलं की सरांच्या हातून एखादा नंबर चुकला असेल तर? एक ओळ वर, एक ओळ खाली? मग तो माणूस आला आणि म्हणाला, "बरोबर हाय. ए निगेटिव्हच." अभयला झोपवलं. सुई पाहिल्याबरोबर त्याने डोळे गच्च मिटले. एवढा उंच पोरगा, पण कपाळावर घामाचे थेंब.

"काहीतरी बोल," तो म्हणाला. "मला भीती वाटते सुईची."

"काय बोलू?"

"काहीही. तू घरी बोलतेस तसं."

मग मी त्याला आमच्या तलावाची गोष्ट सांगितली. बाबा डोंगा कसा सोडतात, जाळं खांद्यावरून कसं फेकतात की ते पाण्यावर गोल उघडलं पाहिजे, नाही तर मासोळी हसते म्हणतात. मी माझ्या बोलीत सांगत होते आणि तो डोळे मिटून ऐकत होता. एकदाच त्याने विचारलं, "डोंगा म्हणजे?" लाकूड कोरून केलेली होडी, मी सांगितलं. बाटली भरली.

भाऊजी पाचला आले, जादा पाळी अर्ध्यात सोडून, खाणीतून थेट. अंगावर कोळसा, फक्त डोळे आणि दात पांढरे. सिस्टरनी त्यांना हातपाय धुतल्याशिवाय वॉर्डात येऊ दिलं नाही. धुवायच्या आधी त्यांनी अभयचे दोन्ही हात धरले आणि काही बोलायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या तोंडून नुसता "बापू... बापू..." एवढाच आवाज निघाला. अभयच्या पांढऱ्या बाहीवर दहा काळी बोटं उमटली. दुसऱ्या दिवशी नागपूरहून आणखी बाटली आली. तोवर बाई तगली होती. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडून आधी पोरीला मागितलं आणि मग मला विचारलं, "तू जेवली का?"

अभयने माझी माफी मागितली नाही आणि मला ती नकोही होती. बाई घरी आल्यावर तिने त्याला जेवायला बोलावलं. तो आला, झिंग्यांचा कूट तीनदा मागून घेतला, आणि जाताना बाईला वाकून नमस्कार केला. पुढे तो वर्गात मला 'इंदू' म्हणायला लागला. त्याआधी माझं नाव त्याला माहीत होतं की नाही, मला शंकाच आहे. मी बोलायला लागले. जशी येते तशी, मले-तुले करत. परीक्षेच्या तोंडीला बाहेरून आलेल्या साहेबांनाही मी त्याच बोलीत उत्तरं दिली आणि पास झाले.

पद्माचे आभार मात्र त्या दिवशी मानायचे राहून गेले. ती पेढीच्या पायरीवर सायकल धरून बसली होती आणि आम्ही सगळे अभयभोवती होतो. दोन वर्षांनी सिरोंच्याहून तिचं पत्र आलं, त्यात एवढंच होतं की तिचं वजन सेहेचाळीस झालं आहे आणि तिने पहिल्यांदा रक्त दिलं. कोणाला गेलं ते तिला माहीत नव्हतं. ते पत्र मी बाईला वाचून दाखवलं तेव्हा ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "मलेच देल्लं म्हन तिनं." त्या दिवशी जन्मलेली माझी भाची आता गडचांदूरला शाळेत शिकवते. बाई साठीची झाली आहे, गुडघे दुखतात म्हणून माझ्यावर चिडते, आणि मला ते ऐकायला फार आवडतं.

देवाळकर सरांना मी सगळं सांगितलं पाहिजे होतं, पण तेव्हा परीक्षा आली, मग सरांची बदली झाली, मग माझी नोकरी. जायचं जायचं म्हणत वर्षं गेली. अखेर गेल्या उन्हाळ्यात मी भाचीला घेऊन मूलला त्यांच्या घरी गेले. सर पंच्याऐंशीच्या घरात होते, ओसरीत बाजेवर बसलेले, कानाला यंत्र. मी कोण, हे त्यांना सांगावं लागलं. मग मी त्यांना सगळी हकीकत सांगितली, प्लॅन, बारा नंबर, ऑफिसचा रकाना, रसवंती, बाटली. ही तीच मुलगी, म्हणून भाचीला पुढे केलं. ती त्यांच्या पाया पडली. सरांनी आठवून पाहिलं. आठवलं नाही.

"असन, भरलं असन मी," ते म्हणाले. "तवा लय कायकाय भरत होतो." मग ते थोडे पुढे झुकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी आली.

"मी लिहिलेला गट बरोबर निंगाला ना व पोरी?"

"बरोबर निंगाला, सर," मी म्हणाले.

"मंग ठीक हाय," सर म्हणाले, आणि माझ्या भाचीला विचारलं, चहा घेशील का म्हणून.